फ्लटरमध्ये अंतराचं हलकं विजेट कसं घडवायचं

फ्लटर हे डार्ट भाषेत ॲप बांधायचं गूगलचं साधन. त्यातल्या कुठल्याही ॲपचा कोड उघडा. बटणं, मजकूर आणि चित्रं यांच्याइतकीच गर्दी तिथे रिकाम्या जागांची असते. एका ठिकाणी साइझ्डबॉक्सची (ठरावीक आकाराच्या चौकटीची) उंची १६, दुसरीकडे १५, तिसरीकडे रुंदी १०, आणि एखाद्या जुन्या फाइलमध्ये नुसता कंटेनर. स्क्रीन चालते, दिसतेही बरी. मग डिझायनर सांगते की सगळीकडचं अंतर थोडं कमी करा, आणि शेकडो ठिकाणी हात घालावा लागतो.

या लेखात आपण अंतरासाठी लागणारं सगळं सामान तयार करू: आकड्यांची मोजपट्टी, रांग आणि स्तंभासाठी एक पातळ आवरण, सुटं अंतर देणारं ‘गॅप’ विजेट, आणि स्क्रोल होणाऱ्या यादीसाठी त्याचं भावंड. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. दोन घटकांमधलं अंतर हा त्यांना मांडणाऱ्या पॅरेंटचा कारभार आहे. तो शक्य तिथे पॅरेंटकडेच ठेवावा आणि सुटं अंतराचं विजेट फक्त अपवादाच्या जागी वापरावं. डार्ट आणि फ्लटरची तोंडओळख आहे, असं धरून पुढे जाऊ.

आधी लेआउटचा हिशेब

फ्लटरमध्ये पॅरेंट चाइल्डला मर्यादा सांगतो: किमान आणि कमाल रुंदी, किमान आणि कमाल उंची. चाइल्ड त्या मर्यादेत बसणारा आपला आकार ठरवून वर कळवतो. तो कुठे बसणार हे पुन्हा पॅरेंटच ठरवतो. या तीन वाक्यांत अंतराच्या बहुतेक भानगडींची उत्तरं आहेत, म्हणून ती पाठ असू द्यावीत.

रांग आणि स्तंभ, म्हणजे रो आणि कॉलम, हे दोन्ही आतून फ्लेक्स आहेत. कॉलम आपल्या साध्या चाइल्डला उंचीची मर्यादाच घालत नाही, कमाल उंची अनंत असते. रोमध्ये हेच रुंदीच्या बाबतीत होतं. पुढे गॅप लिहिताना ही गोष्ट फार उपयोगी पडणार आहे.

‘हलकं’ म्हणजे काय, तेही नीट ठरवून घेऊ. प्रत्येक विजेटमागे एक एलिमेंट (झाडातली त्याची जागा सांभाळणारी वस्तू) असतो आणि लेआउटमध्ये भाग घेणाऱ्या विजेटमागे एक रेंडर ऑब्जेक्ट (आकार मोजणारी आणि रंगवणारी वस्तू). कॉन्स्ट लावलेलं, म्हणजे कंपाइल होतानाच पक्कं झालेलं, विजेट शंभर ठिकाणी वापरलं तरी विजेटची वस्तू एकच राहते, आणि पॅरेंट पुन्हा बिल्ड झाला तर फ्लटर तिथे खोलात शिरत नाही. पण एलिमेंट आणि रेंडर ऑब्जेक्ट मात्र शंभरच तयार होतात. कॉन्स्टमुळे पुन्हा बिल्ड होण्याचा खर्च वाचतो, झाडातल्या फांद्या वाचत नाहीत. त्यामुळे अंतराच्या विजेटकडून आपली अपेक्षा अशी: एक एलिमेंट, एक रेंडर ऑब्जेक्ट, कॉन्स्ट कन्स्ट्रक्टर, आणि वरच्या झाडाकडे अनावश्यक विचारणा नाही.

या कसोटीवर कंटेनर साफ नापास होतो. त्याचा कन्स्ट्रक्टर कॉन्स्ट नाही. शिवाय फक्त उंची १६ दिलेला आणि आत काही नसलेला कंटेनर कॉलममध्ये ठेवला तर तो आतून कन्स्ट्रेन्ड बॉक्स, लिमिटेड बॉक्स आणि पुन्हा कन्स्ट्रेन्ड बॉक्स असे तीन थर रचतो, आणि मिळेल तेवढी रुंदी व्यापतो. मजकुराइतका अरुंद राहायला हवा असलेला कॉलम अचानक पूर्ण स्क्रीनभर पसरतो आणि कारण लवकर सापडत नाही. तोच आकडा साइझ्डबॉक्सला दिला तर एकच रेंडर ऑब्जेक्ट तयार होतो आणि रुंदी शून्य राहते. फ्लटरच्या नेहमीच्या लिंट नियमांत (कोड तपासून आपोआप सूचना देणाऱ्या नियमांत) रिकाम्या जागेसाठी साइझ्डबॉक्स वापरा असा नियम आहे, तो याचसाठी.

पायरी १ : आकड्यांची मोजपट्टी

विजेटच्या आधी आकडे. प्रकल्पात साइझ्डबॉक्स आणि पॅडिंगला दिलेले सगळे आकडे शोधून त्यांची यादी करा आणि कुठला आकडा किती वेळा आला ते मांडा. साधारण चित्र असं दिसतं की ८, १६ आणि २४ यांची चलती असते आणि त्यांच्या आजूबाजूला ७, १०, १५, १८, २२ असे भटके आकडे विखुरलेले असतात. त्या भटक्यांमागे सहसा कोणताही विचार नसतो. त्यांना जवळच्या आकड्यात विलीन करा.

मटेरियल डिझाइनची मांडणी ८ च्या जाळीवर उभी आहे आणि बारीक कामासाठी ४ ची जाळी आहे. तीच धरून ४, ८, १२, १६, २४, ३२, ४८ अशी सात पायऱ्यांची पट्टी बहुतेक ॲपना पुरते. लहान आकड्यांमध्ये फरक कमी आणि मोठ्यांमध्ये जास्त ठेवला आहे, कारण ४ आणि ८ यांच्यातला फरक डोळ्याला लगेच दिसतो, ४० आणि ४४ यांच्यातला दिसत नाही. पट्टी दहा-बारा पायऱ्यांची झाली की १६ घ्यावं की १८ हा जुना वाद परत येतो, म्हणून इथे मी हात आखडता ठेवतो.

हे तार्किक पिक्सेल आहेत हे विसरू नका. ज्या फोनवर घनतेचं गुणोत्तर २.६२५ आहे, तिथे ८ चे २१ खरे पिक्सेल होतात, पण ४ चे साडेदहा. अर्धा पिक्सेल पडद्यावर नसतो. मोकळ्या जागेत हे कळतही नाही, पण दोन रंगीत पट्ट्या चिकटून असतील तर कडेला पुसट रेघ दिसू शकते. तशा जागी ८ च्या पटीत राहणं बरं.

आता ही पट्टी कोडमध्ये कशी ठेवायची? नुसते डबल प्रकारचे स्थिरांक ठेवले तर कोणीही तिथे १७ लिहू शकतो आणि कंपायलर काही म्हणत नाही. एनम केला तर प्रत्येक ठिकाणी त्यातली किंमत बाहेर काढावी लागते. डार्ट ३.३ पासून, म्हणजे २०२४ च्या फेब्रुवारीपासून, एक्स्टेन्शन टाइप (एखाद्या प्रकारावरचं, फक्त कंपाइल होतानाचं वेष्टन) मिळाले आहेत आणि ते या कामासाठी अगदी नेमके आहेत. ‘अंतर’ नावाचा (कोडमध्ये रोमन अक्षरांत, Antar) एक्स्टेन्शन टाइप करा, आत एक डबल ठेवा, त्याचा कन्स्ट्रक्टर कॉन्स्ट आणि खासगी ठेवा, आणि तो डबलला इम्प्लिमेंट करतो असं जाहीर करा. मग त्याच्या आत सात स्टॅटिक कॉन्स्ट किमती लिहा.

याचे दोन फायदे. अंतर प्रकारची किंमत जिथे डबल चालतो तिथे कुठेही देता येते, पॅडिंगलाही आणि साइझ्डबॉक्सलाही. उलट दिशेने मात्र दार बंद असतं: ज्या पॅरामीटरचा प्रकार ‘अंतर’ आहे तिथे नुसता १७ लिहिला तर कंपायलर तिथल्या तिथे अडवतो. आणि ॲप चालताना त्या प्रकाराचं अस्तित्वच उरत नाही, मागे फक्त डबल राहतो. त्यामुळे खर्च शून्य.

नावं आकारावरून द्या: एक्सएस, एस, एम, एल वगैरे. कामावरून नावं द्यायची तर दोन-तीनच द्या, उदाहरणार्थ स्क्रीनच्या कडेचं अंतर आणि दोन विभागांमधलं अंतर, आणि तीही आकाराच्या नावांकडेच बोट दाखवतील अशी. ‘लॉगिन बटणाच्या वरचं अंतर’ असल्या नावांचा ढीग झाला की पट्टी असून नसल्यासारखी होते.

पायरी २ : अंतर पॅरेंटला देऊ द्या

वेबवर फ्लेक्सबॉक्ससाठी गॅप ही सोय क्रोममध्ये २०२० साली आली आणि सफारीत २०२१ साली. त्याआधी प्रत्येक घटकाला मार्जिन देऊन शेवटच्याचं काढून टाकण्याची कसरत चालायची. जेटपॅक कंपोजमध्ये अरेंजमेंट स्पेस्ड बाय आहे, स्विफ्टयूआयमध्ये स्टॅकलाच स्पेसिंग देता येतं. फ्लटरमध्ये रॅपला (जागा संपली की पुढच्या ओळीत जाणाऱ्या मांडणीला) हे आधीपासून होतं, पण रो आणि कॉलमला स्पेसिंग हा पॅरामीटर मिळाला तो डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या ३.२७ आवृत्तीत. त्यामुळे आधी लिहिलेल्या बऱ्याच कोडमध्ये आणि शिकवण्यांमध्ये तो दिसत नाही. तुमचा प्रकल्प त्या आवृत्तीच्या पुढे असेल, तर पहिली पसंती त्यालाच द्या.

स्पेसिंग फक्त दोन चाइल्डच्या मध्ये पडतं, पहिल्याच्या आधी किंवा शेवटच्याच्या नंतर पडत नाही. त्यासाठी वेगळा एलिमेंट किंवा रेंडर ऑब्जेक्ट लागत नाही, फ्लेक्स आपल्या हिशेबात आकडा मिळवतो आणि काम संपतं. याहून हलकं काही असूच शकत नाही.

पण तिथेही कोणी १७ लिहू शकतो. म्हणून एक पातळ आवरण करा: कॉलमला एक्स्टेन्ड करणारा क्लास, ज्याच्या कॉन्स्ट कन्स्ट्रक्टरमध्ये ‘अंतर’ प्रकारचा पॅरामीटर आवश्यक आहे, आणि तो सुपरच्या स्पेसिंगला दिला जातो. रोसाठी तसाच दुसरा. फ्लटरच्या जगात इन्हेरिटन्सपेक्षा विजेटात विजेट ठेवण्याची शिकवण आहे आणि एरवी मी ती पाळतो. इथे मात्र स्टेटलेस विजेट केलं तर प्रत्येक स्तंभामागे एक एलिमेंट वाढतो. एक्स्टेन्ड केल्यावर एकही वाढत नाही आणि वागणुकीत काही बदलही नाही, त्यामुळे इथे अपवाद रास्त आहे.

आता यातली सगळ्यात फसवी जागा. कॉलममध्ये तीन चाइल्ड आहेत, मधला चूक-संदेश आहे आणि तो कधीकधीच दिसतो. तो लपवायला व्हिजिबिलिटी विजेट वापरलं, किंवा संदेश नसताना शून्य आकाराचा साइझ्डबॉक्स परत दिला, तर फ्लेक्सच्या दृष्टीने चाइल्ड तीनच राहतात. शून्य उंचीच्या त्या चाइल्डच्या दोन्ही बाजूंना अंतर पडतं आणि १६ च्या जागी ३२ दिसतात. वेबवर डिस्प्ले नन दिलेला घटक फ्लेक्सच्या मोजणीतून बाहेर जातो. फ्लटरमध्ये तसं होत नाही. म्हणून लपवायचा चाइल्ड यादीतच येऊ देऊ नका. चिल्ड्रनच्या यादीत ‘इफ’ लिहिता येतो, तो वापरा. डार्ट ३.८ पासून यादीत प्रश्नचिन्ह लावून नल असलेला घटक आपोआप गाळता येतो, तेही सुटसुटीत पडतं. संघात नवीन कोणी आलं की हा मुद्दा मी पहिल्याच रिव्ह्यूत सांगतो, कारण अंतर चुकल्याच्या तक्रारींमागे बऱ्याचदा हाच न दिसणारा चाइल्ड निघतो.

पायरी ३ : सुटं अंतर, म्हणजे गॅप

सगळी अंतरं सारखी नसतात. शीर्षक आणि उपशीर्षक यांत ४, मग मजकुरापर्यंत १६, आणि बटणापूर्वी ३२. इथे पहिला प्रयत्न असा करा: जवळचे घटक आतल्या स्तंभात गुंफा आणि प्रत्येक स्तंभाला त्याचं स्पेसिंग द्या. बऱ्याचदा यातून स्क्रीनची खरी रचना कोडमध्ये उतरते. तरीही काही अंतरं उरतातच, आणि त्यांच्यासाठी गॅप.

साइझ्डबॉक्सच्या ऐवजी गॅप का? रोमध्ये रुंदी आणि कॉलममध्ये उंची हा विचार प्रत्येक वेळी करावा लागू नये म्हणून. रोचा कॉलम केला की आतल्या सगळ्या रुंदी बदलून उंची कराव्या लागतात, एखादी राहून जाते, आणि अंतर नाहीसं होतं. गॅपने आपली दिशा स्वतः ओळखली पाहिजे. याच नावाचं एक पॅकेज पब डॉट डेव्हवर आहे आणि बरेच जण ते वापरतात. पण हे विजेट इतकं लहान आहे की स्वतः लिहिण्यात फायदा आहे: ‘अंतर’ हा आपला प्रकार त्यात बसवता येतो आणि रेंडर ऑब्जेक्टची ओळखही होते.

विजेटचा भाग सोपा आहे. लीफ रेंडर ऑब्जेक्ट विजेट एक्स्टेन्ड करा, कारण गॅपला चाइल्ड नसतो. एकच फील्ड, ‘अंतर’ प्रकारचं. कन्स्ट्रक्टर कॉन्स्ट. क्रिएट रेंडर ऑब्जेक्टमध्ये आपला रेंडर ऑब्जेक्ट तयार करून परत द्या आणि अपडेट रेंडर ऑब्जेक्टमध्ये त्याच्या सेटरला नवीन किंमत द्या. सेटरमध्ये आधी तपासा: किंमत तीच असेल तर काही करू नका, वेगळी असेल तर साठवून मार्क नीड्स लेआउट बोलवा. ती तपासणी विसरलात तर प्रत्येक बिल्डला विनाकारण लेआउट पुन्हा होईल.

खरं काम रेंडर बॉक्समध्ये आहे, आणि त्यातही दिशा ओळखण्यात. त्यासाठी हा क्रम ठेवा.

पहिलं, पॅरेंट रेंडर फ्लेक्स आहे का ते पाहा. असेल तर त्याची दिशा ती आपली दिशा.

दुसरं, पॅरेंट रेंडर रॅप असेल तर डीबगमध्ये स्पष्ट एरर द्या: रॅपचं स्पेसिंग आणि रन स्पेसिंग वापरा. हा नियम तिसऱ्याच्या आधीच हवा, कारण आडवा रॅप आपल्या चाइल्डला उंचीची मर्यादा घालत नाही आणि पुढचा नियम तिथे हमखास उलटी दिशा सांगेल.

तिसरं, मिळालेल्या मर्यादा पाहा. नेमका एकच अक्ष अनंत असेल तर तोच मुख्य अक्ष. उभ्या लिस्टव्ह्यूत रुंदी पक्की आणि उंची अनंत असते, त्यामुळे तिथे हे बरोबर चालतं. लिस्टव्ह्यू आपल्या प्रत्येक चाइल्डभोवती रीपेंट बाउंडरीसारखे थर गुंडाळतो, म्हणून तिथे पॅरेंटचा प्रकार तपासून हाती काही लागत नाही. मर्यादा मात्र त्या थरांतून जशाच्या तशा खाली येतात. स्क्रोलेबल शोधायला वरच्या झाडात जाण्याचा दुसरा मार्ग आहे, पण त्यात वरच्या विजेटवर एक अवलंबन वाढतं. मर्यादांवरून ओळखलं तर ते टळतं.

चौथं, यातलं काहीच लागू पडलं नाही, उदाहरणार्थ गॅप थेट स्टॅकमध्ये ठेवला, तर डीबगमध्ये एरर द्या. गपचूप शून्य आकार घेऊ नका. न दिसणाऱ्या विजेटची न दिसणारी चूक शोधण्यात फार वेळ जातो.

दिशा कळली की परफॉर्म लेआउटमध्ये मुख्य अक्षावर आपलं अंतर आणि त्याला काटकोनात असलेल्या क्रॉस अक्षावर शून्य असा आकार बनवा, तो मर्यादांच्या कन्स्ट्रेनमधून काढा आणि साइझला द्या. कन्स्ट्रेन गाळू नका. कॉलमला स्ट्रेच दिलेला असेल तर रुंदीची मर्यादा पक्की असते, आणि शून्य रुंदी सांगितली तर डीबगमधली तपासणी एरर देते.

इथेच थांबलात तर विजेट चालतंय असं दिसेल, पण अर्धंच झालेलं असेल. इन्ट्रिन्सिक मोजमापाच्या, म्हणजे विजेटला स्वतःहून किती जागा हवी ते सांगणाऱ्या, चार मेथड लिहाव्याच लागतात: किमान आणि कमाल रुंदी, किमान आणि कमाल उंची. मुख्य अक्षावर अंतर, क्रॉस अक्षावर शून्य. न लिहिल्यास चारही शून्य सांगतात. मग अलर्ट डायलॉगमध्ये, जो आतून इन्ट्रिन्सिक विड्थ वापरतो, सगळ्यात रुंद रो गॅपइतकी कमी मोजली जाते आणि डायलॉगच्या कडेला पिवळे-काळे पट्टे उमटतात. बाकी सगळ्या स्क्रीनवर ठीक आणि फक्त डायलॉगमध्ये बिघाड, असा प्रकार दिसला की आधी या चार मेथड तपासा.

तसंच कम्प्यूट ड्राय लेआउटही लिहा. आकार न बदलता फक्त ‘किती होशील’ असं विचारण्याची ही मेथड आहे. परफॉर्म लेआउटमधला हिशेब एका वेगळ्या खासगी मेथडमध्ये ठेवा आणि दोन्हीकडून तिलाच बोलवा, म्हणजे दोन उत्तरं वेगळी निघणार नाहीत. ड्राय बेसलाइन विचारणाऱ्या मेथडमधून नल परत द्या, कारण गॅपला बेसलाइन (अक्षरं टेकतात ती रेघ) नसते. पेंट मेथडला हात लावू नका, मुळातली काहीच रंगवत नाही आणि आपल्याला तेच हवं आहे.

डीबगसाठी एक सोय जरूर करा. लेआउटच्या चौकटी दाखवणारा डीबग पेंट साइझ चालू केला की रिकामा साइझ्डबॉक्स करड्या रंगाने भरलेला दिसतो. गॅपमध्येही डीबग पेंट साइझ ओव्हरराइड करून असर्टच्या आत तसाच रंग भरा. असर्ट रिलीजमध्ये गळून पडतो, त्यामुळे वजन वाढत नाही, आणि डिझायनरला शेजारी बसवून अंतरं दाखवायला हे सगळ्यात सोपं साधन आहे.

एक कोपरा अजून उरतो. एखादं फ्लेक्स चालू असताना आडव्याचं उभं झालं, तर गॅपचा लेआउट पुन्हा व्हायला हवा. बहुतेक वेळा होतो, कारण दिशा बदलली की मर्यादाही बदलतात. पण ते फ्लेक्स दोन्ही अक्षांवर अनंत जागेत असेल, तर आधीच्या आणि नंतरच्या मर्यादा तंतोतंत सारख्या असतात. मर्यादा त्याच आणि चाइल्ड स्वच्छ, म्हणून फ्लटर त्याचा लेआउट वगळतो, आणि गॅप जुन्याच दिशेत आडवा पडून राहतो. पॅरेंटच्या गुणधर्मावर डोळा ठेवणाऱ्या प्रत्येक रेंडर ऑब्जेक्टला हा धोका असतो. उपाय सरळ आहे: अशा दुर्मीळ जागी फ्लेक्सला दिशेनुसार वेगळी ‘की’ (विजेटची ओळखखूण) द्या, म्हणजे खालचं झाड नव्याने उभं राहील. किंवा तिथे स्पेसिंग वापरा, त्याला हा प्रश्नच येत नाही.

बोटाच्या स्पर्शाचं काय? गॅप स्पर्श घेत नाही आणि घेऊही नये. मात्र आख्ख्या रोला जेश्चर डिटेक्टरमध्ये गुंडाळलं असेल तर दोन घटकांमधल्या अंतरावर टॅप केल्यावर काहीच घडत नाही, कारण तो स्पर्शाची चौकशी चाइल्डकडे सोपवतो आणि तिथे चाइल्ड ‘मी नाही’ म्हणतो. साइझ्डबॉक्स असो, गॅप असो की स्पेसिंग, सगळ्यांचं हेच. दुरुस्ती जेश्चर डिटेक्टरवर करा, त्याचं हिट टेस्ट बिहेव्हियर ओपेक ठेवा.

पायरी ४ : स्क्रोल होणाऱ्या याद्या

लिस्टव्ह्यूच्या चिल्ड्रनमध्ये गॅप चालतो, पण तिथे तो हलका राहत नाही. प्रत्येक चाइल्डभोवती जे थर येतात ते गॅपभोवतीही येतात. शिवाय स्क्रीन-रीडरसाठी घटकांना जे क्रमांक दिले जातात त्यांत रिकाम्या जागांचीही गणती होते. सारख्या अंतराची यादी असेल तर लिस्टव्ह्यू सेपरेटेड वापरा, तो क्रमांक देताना विभाजकांना वगळतो.

कस्टम स्क्रोल व्ह्यूमध्ये दोन स्लिव्हरच्या (स्क्रोल होणाऱ्या भागाच्या तुकड्यांच्या) मध्ये अंतर हवं असेल, तर स्लिव्हर टू बॉक्स ॲडॉप्टरमध्ये साइझ्डबॉक्स घालतात. चालतं, पण रेंडर ऑब्जेक्ट दोन होतात. त्याऐवजी रेंडर स्लिव्हर एक्स्टेन्ड करून स्लिव्हर गॅप लिहा. परफॉर्म लेआउटमध्ये फक्त जिओमेट्री द्यायची: स्क्रोल एक्स्टेन्ट आणि कमाल पेंट एक्स्टेन्ट म्हणजे आपलं अंतर, पेंट एक्स्टेन्ट कॅल्क्युलेट पेंट ऑफसेटमधून शून्य ते अंतर असा काढायचा, आणि कॅश एक्स्टेन्ट कॅल्क्युलेट कॅश ऑफसेटमधून. दिशेचा प्रश्न इथे उद्भवत नाही, स्लिव्हर आपोआप स्क्रोलच्या अक्षावर मोजलं जातं.

देवनागरी मजकुरापाशी अंतर का जास्त वाटतं

मराठी ॲप करणाऱ्यांसाठी हा भाग महत्त्वाचा आहे. अंतर १६ दिलं, आणि तरी पडद्यावर ते २० च्या वर दिसतं. कारण अंतर मजकुराच्या ओळीच्या चौकटीपासून मोजलं जातं, अक्षरापासून नाही. १६ आकाराच्या मजकुराला ओळीची उंची १.६ दिली की चौकट २५.६ होते. वाढलेली जागा पहिल्या ओळीच्या वर आणि शेवटच्या ओळीच्या खालीही पडते, आणि ती आपल्या अंतरात मिसळते. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरं यांसाठी जागा लागते. नोटो सान्स देवनागरीची ओळ म्हणूनच रोबोटोच्या ओळीपेक्षा उंच असते. एकाच पडद्यावर इंग्रजी निवडल्यावर अंतर नेमकं दिसावं आणि मराठी निवडल्यावर सैल, असं त्यामुळे होतं.

गॅपचा आकडा भाषेनुसार बदलण्याचा मोह होतो. तो टाळा, दुरुस्ती मजकुराकडे करा. टेक्स्ट हाइट बिहेव्हियरमध्ये पहिल्या ओळीच्या वरची आणि शेवटच्या ओळीच्या खालची वाढीव उंची बंद करता येते, ओळींमधली मात्र तशीच राहते. परिच्छेद वाचनीय राहतो आणि बाहेरचं अंतर पट्टीवर येतं. स्ट्रट स्टाइलने ओळीची उंची सक्तीने एकसारखी करता येते, पण ती फार कमी ठेवली तर वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतली वेलांटी एकमेकांत घुसतात. तपासायला ‘मजकूर इथे येईल’ असले गुळगुळीत शब्द नकोत. ‘कीर्ती’, ‘हृदय’, ‘दृष्टी’, ‘ट्रॅक्टर’, ‘राष्ट्रीय’ असे वर-खाली पसरणारे शब्द एकाखाली एक ठेवून पाहा.

वापरकर्त्याने फोनमध्ये अक्षरं मोठी केली तर अंतरही वाढवावं का? मी वाढवत नाही. मोठ्या अक्षरांना जागा लागते, आणि ती रिकाम्या जागेतूनच मिळणार असते. दोन्ही वाढवलं तर छोट्या फोनवर बटण पडद्याच्या खाली जातं.

ॲप उर्दूतही असेल तर उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या मांडणीत स्पेसिंग आणि गॅप आपोआप ठीक राहतात. कडेच्या पॅडिंगला मात्र डावं-उजवं न सांगता एज इन्सेट्स डायरेक्शनल वापरून आरंभ आणि शेवट सांगा.

थीममधून अंतर घ्यावं का

टॅब्लेटवर ऐसपैस आणि फोनवर आटोपशीर अशी मांडणी हवी असेल तर पट्टी थीम एक्स्टेन्शनमध्ये ठेवण्याचा विचार येतो. ते करता येतं: कॉपी विथ आणि लर्प या दोन मेथड लिहिल्या की झालं. पण त्या क्षणी कॉन्स्ट जातो, प्रत्येक अंतराला कॉन्टेक्स्ट लागतो, आणि थीम बदलली की ती सगळी विजेटं पुन्हा बिल्ड होतात. म्हणून मी आकड्यांची पट्टी स्थिर ठेवतो आणि बदलणाऱ्या दोन-तीनच गोष्टी, म्हणजे स्क्रीनची कड आणि विभागांमधलं अंतर, स्क्रीनच्या सांगाड्यात एकदा ठरवतो. फोनवर १६ घ्यायचे की टॅब्लेटवर ३२, हा निर्णय तिथे घेतला जातो आणि आतली अंतरं तशीच राहतात.

तपासणी

गॅपसाठी मोजक्याच टेस्ट पुरतात, पण त्या नेमक्या हव्यात. कॉलममध्ये उंची बरोबर आणि रुंदी शून्य. रोमध्ये उलट. स्ट्रेच दिलेल्या कॉलममध्ये एरर न येणं. इन्ट्रिन्सिक विड्थच्या आत रोची रुंदी चाइल्ड अधिक गॅप इतकी भरणं. उभ्या लिस्टव्ह्यूत उंची बरोबर. रॅप आणि स्टॅकमध्ये एरर येणं. आणि फ्लेक्सची दिशा बदलल्यावर गॅपची दिशा बदलणं, यातही दोन्ही अक्ष अनंत असलेला प्रकार ‘की’ देऊन तपासा. फ्लटरच्या टेस्टमधली स्क्रीन मूळची ८०० बाय ६०० ची असते, त्यामुळे स्ट्रेचच्या टेस्टमध्ये रुंदी ८०० आली तर दचकू नका.

जुन्या कोडमध्ये आणताना

सगळं एका दमात बदलू नका. एक स्क्रीन घ्या, आधी तिच्या गोल्डन टेस्ट काढून ठेवा, म्हणजे आत्ता ती कशी दिसते त्याचं चित्र जपलं जाईल. पहिल्या फेरीत आकडे न बदलता फक्त रचना बदला: सारखी अंतरं स्पेसिंगमध्ये, बाकीची गॅपमध्ये. या फेरीपुरता ‘अंतर’ टाइपमध्ये भटक्या आकड्यांसाठी तात्पुरत्या, डेप्रिकेटेड खूण केलेल्या किमती ठेवा आणि deprecated_member_use_from_same_package हा लिंट नियम चालू करा, म्हणजे एडिटर त्या प्रत्येक ठिकाणी खूण दाखवेल. गोल्डन चित्रं जशीच्या तशी जुळली पाहिजेत. दुसऱ्या फेरीत भटके आकडे पट्टीवर आणा, चित्रांतला फरक डिझायनरला दाखवा, आणि मंजुरी मिळाली की नवी चित्रं जपा. दोन फेऱ्या वेगळ्या ठेवल्या की रिव्ह्यू करणाऱ्याला रचनेतला बदल आणि दिसण्यातला बदल एकाच वेळी निरखावा लागत नाही.

साइझ्डबॉक्स संपूर्ण हद्दपार करायचा नाही. चित्राला ठरावीक रुंदी द्यायची आहे, बटणाला नेमकी ४८ ची उंची हवी आहे, लोडरला चौकोनी जागा राखायची आहे, अशा ठिकाणी तो खऱ्या अर्थाने आकार देतोय, तिथे तो राहू द्या. शोधताना चाइल्ड नसलेले आणि एकाच बाजूचा आकडा असलेले साइझ्डबॉक्स तेवढे उचला. तेच अंतरासाठी आलेले असतात. शेवटची तात्पुरती किंमत वापरातून गेली की ती टाइपमधून काढून टाका, मग नवा १७ कोडमध्ये शिरायला गॅप आणि आवरणांमधून वाट उरणार नाही.